नव्या गाडीचा प्लग: दर सर्व्हिसिंगला काढायचा की हात लावायचा नाही?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, पाडव्याला १६० सीसीची नवी गाडी घेतली. एक सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, एकच स्पार्क प्लग. पहिली सर्व्हिसिंग झाली आणि बिलात इतर गोष्टींबरोबर 'प्लग क्लीनिंग' अशी ओळ दिसली. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "दर सर्व्हिसिंगला काढून घासायचा असतोय, न्हाईतर गाडी मिसिंग करत्या, म्हंजे मधेमधे ठिणगी चुकत्या." वर सल्ला: पुढच्या वेळी इरिडियमच्या टोकाचा प्लग टाका, पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही वाढेल.

गाडी रोज राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी एवढीच चालते, रविवारी जमलं तर जोतिबा नाहीतर पन्हाळा. अॅव्हरेज सांगितलं होतं त्यापेक्षा कमी मिळतंय, हे खरं. पण नव्याकोऱ्या इंजिनाचा प्लग इतक्या लवकर उघडून घासायची गरज असते का? आणि हे काम घरी शिकण्यासारखं आहे का? आमचे बाबा म्हणतात, प्लग पाना हातात धरता येत नसेल तर गाडी चालवू नये. जाणकारांनी सांगावं.

घाटवेडा

पहिला!

आता मुद्द्याचं. सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत मॅन्युअल नावाचं पुस्तक असतं. शेवटच्या पानांत सर्व्हिसिंगचा तक्ता असतो. तो बघितलास का भावा?

आरएक्स_पेठकरी

मॅन्युअल ठेवा बाजूला. आम्ही शिवाजी पेठेतली माणसं, आरएक्स १०० वर वाढलो. दर रविवारी सकाळी तालमीसमोर चार-पाच गाड्या लागायच्या, आधी प्लग बाहेर. पॉलिश पेपरनं टोक घासायचं, जुन्या ब्लेडनं गॅप, म्हणजे दोन टोकांमधली फट, बघायचा, फुंकर मारून परत बसवायचा. नंतर किक मारली की एका किकेत स्टार्ट. डिकीत एक जादा प्लग कायम. गगनबावड्याच्या घाटात प्लग शॉर्ट झाला तर बदलायला आपल्याला मिनिटसुद्धा लागायचं नाही. मेकॅनिक बरोबर सांगायलाय. प्लग म्हणजे इंजिनाची नाडी, ती बघायलाच पाहिजे.

टर्नर_उद्यमनगर

पेठकरी दादा, तुमचा अनुभव टू-स्ट्रोकचा. तिथं ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळं काजळी धरणारच आणि प्लग साफ करावाच लागायचा. ह्यांची गाडी फोर-स्ट्रोक, त्यात इंजेक्शनची. ऑइल खाली वेगळं, वर जळायला जात नाही. ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल मोजून देतो. अशा गाडीत प्लग दर सर्व्हिसिंगला घाण होत असेल, तर दोष प्लगात नाही, दुसरीकडं आहे.

आता माझ्या धंद्याची बाजू सांगतो. माझ्याकडं लेथवर महिन्यातून एखादं तरी इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) येतं, प्लगचे आटे गेलेलं. हेड अॅल्युमिनियमचं, प्लगची बॉडी लोखंडी. गरम इंजिनवर पाना लावला, किंवा पहिला फेरा हातानं न लावता थेट पान्यानंच आवळला, की आटा चढतो. मग प्लग काढताना त्याच्या आट्यात अॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून बाहेर येते. ती हेडाची असते, प्लगची नाही. गिऱ्हाईक बघतच राहतं. मग भोक मोठं करा, टॅप मारा, हेलिकॉइल (नव्या आट्याची स्प्रिंगसारखी तार) बसवा. त्यात बुरादा सिलिंडरात पडू नये म्हणून हेडच उतरवायचं. शे-दीडशेच्या प्लगपायी हजारोंचं काम.

प्लग जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा हा धोका पत्करता. गरज असेल तेव्हा उघडा, रीत म्हणून नको.

आरएक्स_पेठकरी

टर्नर, आमच्या हातून एवढ्या वर्षांत एक आटा गेला न्हाई. हात पाहिजे हातासारखा. आजकालची पोरं रॅचेट लावत्यात आणि झाड उपटल्यागत ओढत्यात. दोष उघडण्यात न्हाई, उघडणाऱ्यात हाय.

टर्नर_उद्यमनगर

मान्य दादा. पण सर्व्हिस सेंटरला तुमचा हात नसतो. तिथं सकाळी पंधरा गाड्या लागतात आणि संध्याकाळी द्यायच्या असतात.

ज्वलनशील

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.

प्लगच्या आतलं पांढरं म्हणजे अॅल्युमिनाची सिरॅमिक. तिच्या टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की तिच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. वर सुमारे ८५० अंशांपलीकडे गेलं तर उलटा प्रॉब्लेम, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं. प्लगला ह्या दोन मर्यादांच्या मध्ये ठेवायचं काम हीट रेंजचं. सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णता हळू बाहेर जाते, तो 'हॉट' प्लग. नाक आखूड असेल तर 'कोल्ड'. एनजीकेच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग कोल्ड, बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा म्हणजे हॉट. त्यामुळे दुकानात "सात नंबर नाही, दुसऱ्या कंपनीचा सात देतो" असं कोणी म्हणालं तर पिशवी उचलून घरी या.

उदाहरण म्हणून सीपीआर८ईए-९ घ्या. सी म्हणजे १० मिमीचा आटा, पी म्हणजे नाक पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिमी, शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९ मिमी. रेझिस्टर नसलेला प्लग इंजेक्शनच्या गाडीत टाकू नये. ठिणगीच्या विद्युत गोंधळाने ईसीयूची डोकेदुखी होते.

आता धागाकर्त्याचा मुद्दा. राजारामपुरी ते शिरोली म्हणजे थोडक्या अंतराची, थांबत थांबत चालणारी राइड. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. अशा वापरात प्लगवर थोडी कोरडी काजळी दिसू शकते. त्यात रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन सैल होण्याच्या, काळात पिस्टनच्या रिंगा अजून नीट बसलेल्या नसतात. त्यावर उपाय पॉलिश पेपर नव्हे. रनिंग-इनच्या मर्यादा पाळून एखाद्या रविवारी हायवेला कागलपर्यंत चांगली तापवून आणा, काजळी आपली आपण जाते.

आणि घासण्याबद्दल: वायर ब्रशने सिरॅमिक घासली तर धातूचे बारीक कण तिच्यावर चिकटतात, ठिणगी गॅपमधून जायच्या ऐवजी त्या रेघेवरून बॉडीला उतरते. पॉलिश पेपरचे कण तर नाकाच्या आतल्या फटीत अडकतात. म्हणजे साफ करून आपण मिसिंग तयार करतो.

तांबडा_पांढरा

आयडी ज्वलनशील आणि प्रतिसाद स्पार्क प्लगवर. विषय हार्ड.

मृण्मयी_रंकाळा

मला प्लगमधलं काही कळत नाही, पण एक विचारते. दर पावसाळ्यात माझी स्कूटर ऑफिसच्या पार्किंगमध्ये रुसते. मेकॅनिक येतो, प्लग काढतो, पुसतो, लावतो, पैसे घेतो, गाडी चालू. दोन दिवसांनी परत तेच. ह्यात प्लगचा दोष की माझ्या नशिबाचा?

टर्नर_उद्यमनगर

ताई, तुमच्या प्लगच्या टोपणाचा दोष. प्लग कॅपचं रबर कडक होऊन चिरलं की पाणी आत जातं आणि ठिणगी बाहेरूनच बॉडीला उतरते. काढून पुसल्यावर चालणार, ओलं झालं की बंद पडणार. कॅप बदलून घ्या. प्लग तसाच राहू द्या.

धागाकर्त्यानंही हे लक्षात ठेवावं. वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी प्लगच्या खळग्यात मारू देऊ नका. बऱ्याच हेडांना तिथून पाणी बाहेर जायला बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजतं आणि पाणी तिथंच तुंबतं. मग प्लगची बॉडी गंजते. तो गंजलेला प्लग काढायला माझ्याकडं येतात.

मृण्मयी_रंकाळा

म्हणजे तीन पावसाळे मी पुसण्याचे पैसे दिले! उद्याच कॅप बदलते. धन्यवाद दादा.

ऊसकरी_शिरोळ

मोटारसायकलवाल्यांनी आपलंच चालवलंय. आमच्या पाठीवरच्या फवारणी पंपाला विचारा प्लग काय असतोय. टू-स्ट्रोक, ऑइल मिसळून पेट्रोल. पोरानं अंदाजानं ऑइल ओतलं की प्लग ओला, काळाकुट्ट, दोरी ओढून खांदा निखळतो. तिथं पेठकरी दादांचंच खरं, काढून साफ करावाच लागतोय. मी डिझेलात बुडवून जुन्या टूथब्रशनं करतो, पेपर लावत नाही.

अॅव्हरेजचं म्हणाल तर प्लगला कशाला धरताय? तुमच्या टाकीत आमचा ऊस हाय. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय.

ज्वलनशील

ऊसकरी, बरोबर बोललात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. त्यामुळे २० टक्के मिश्रणात थोडं अॅव्हरेज जाणारच, प्लग सोन्याचा घातला तरी. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांची रबरं, नळ्या ह्या इंधनाला चालतील अशा केल्या आहेत, पण रसायन काही बदलत नाही. शिवाय नव्या इंजिनाच्या रिंगा मोकळ्या व्हायला वेळ लागतो. टायरची हवा बघा, चेन बघा, मग प्लगकडे या.

तांबडा_पांढरा

म्हणजे कारखान्याला ऊस आपण घालायचा आणि अॅव्हरेज पण आपलंच जायचं. काटाकिर्र कारभार.

गुऱ्हाळवाले_आबा

पोरांनो, आमच्या गुऱ्हाळावर चरक फिरवायला ऑइल इंजिन होतं, उद्यमनगरातलंच. त्याला प्लगच नव्हता. हँडल मारायचं, डीकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा की धडधड चालू. आयुष्यात एक प्लग विकत घेतला नाही. तुमच्या गाडीला मात्र दर महिन्याला प्लग.

पंचगंगाकाठ

आबा, प्लगशिवाय पेटायचं कसं?

गुऱ्हाळवाले_आबा

डिझेल ते. हवाच इतकी दाबायची की ती तापून लाल. त्यात डिझेलचा फवारा आला की पेटलंच. हँडल उलटं बसलं तर मनगट गेलं समजायचं, ते वेगळं. आमच्या धाकट्या भावाचं मनगट अजून पावसाळ्यात दुखतंय.

घाटवेडा

आबा, चारचाकी डिझेलला ग्लो प्लग असतो बरं का. पण तो ठिणगी टाकत नाही, थंडीत सुरू करताना नुसता गरम होतो.

गुऱ्हाळवाले_आबा

असंल. आमच्याकडं ती थंडी गुळाच्या कायलीशेजारी बसून जायची.

गगनबावडा_एक्सप्रेस

इरिडियमबद्दल कोणी बोलतच नाही. मी टाकलाय, गाडी मख्खन झाली. घाटात पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

ज्वलनशील

आधीचा प्लग किती चाललेला होता?

गगनबावडा_एक्सप्रेस

सर, तो कंपनीचाच. बदललाच नव्हता कधी. पंचवीस हजार झाले असतील.

ज्वलनशील

मग साधा नवा टाकला असता तरी मख्खनच झाली असती. निकेलचं टोक ठिणगीने झिजत जातं, गॅप वाढतो, तेवढी उडी मारायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं. चढावर लोड आला की तिथे ठिणगी चुकते. फोर-स्ट्रोकला ६००० आरपीएमवर सेकंदाला ५० ठिणग्या लागतात. बऱ्याच एकसिलिंडर गाड्या क्रँकच्या प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतात, म्हणजे १००. झीज होणारच.

इरिडियमचा वितळबिंदू २४०० अंशांच्या वर, निकेलचा १४५५. म्हणून इरिडियमचं टोक सुईएवढं बारीक ठेवता येतं, ते झिजतही हळू, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते. फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः टिकण्याचा. चांगल्या स्थितीतल्या नव्या गाडीत अॅव्हरेज वाढेल ही आशा सोडा. ज्या गाडीला कंपनीनेच इरिडियम दिलाय तिथे मात्र निकेल टाकून पैसे वाचवू नका. आणि इरिडियमला ब्रश लावायचा नाही, गॅप वाकवायला जायचं नाही. ते टोक ठिसूळ असतं.

दोनप्लगवाला

आमच्या जुन्या पल्सरला दोन प्लग. २००३ च्या डीटीएस-आयपासूनची ती पद्धत. एक प्लग मेला तरी गाडी चालते, त्यामुळे कळतच नाही. नुसतं वाटतं की अॅव्हरेज कमी झालं आणि आवाज जरा भसाडा झाला. बदलताना दोन्ही बदला. टाकीखालचा दुसरा मेकॅनिक सोयीस्कर विसरतात.

घाटवेडा

पल्सर एनएस २०० ला तर तीन आहेत. तिथं विसरायला जागा आणखी एक.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. मॅन्युअल बघितलं. तक्त्यात पहिल्या सर्व्हिसिंगला प्लगसमोर 'तपासा' असं आहे, मग ठरावीक अंतराने 'तपासा', आणि १२,००० किमीला 'बदला'. 'साफ करा' असं कुठेच नाही! गॅप ०.८ ते ०.९ मिमी. आता मला तपासायचं स्वतः शिकायचंय. टर्नर दादा, सविस्तर सांगाल का? बाबा आत्ताच पाना शोधायला माळ्यावर गेलेत.

टर्नर_उद्यमनगर

सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिलेली, पूर्ण गार. सकाळी काम करायचं. इग्निशन बंद, चावी खिशात. प्लग कॅप सरळ ओढायची, वायर धरून नाही, कॅप धरून. मग काढायच्या आधी प्लगभोवतीची माती उडवायची. हवेचा पंप असेल तर उत्तम, नाहीतर मऊ ब्रश. गळीत हंगामात आपल्याकडं रस्त्यावर जी धूळ असते ती सगळी त्या खळग्यात बसलेली असते, आणि प्लग निघाला की थेट सिलिंडरात. हे सगळे विसरतात.

पाना पूर्ण खाली बसलाय बघा. तिरका बसला तर सिरॅमिक तडकते. केसाएवढी चीर दिसत नाही पण ठिणगी तिथून पळते. पहिला झटका लागतो, नंतर हातानं सुटला पाहिजे. मधेच जड लागला तर जोर लावू नका, अर्धा फेरा मागं घ्या, परत पुढं.

बाहेर आला की बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. इंजेक्शनच्या गाड्यांत रंग बराच फिकट असतो, त्याला घाबरू नका. कोरडा काळा म्हणजे थोडक्या अंतराच्या फेऱ्या किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ओला तेलकट असेल तर नव्या गाडीत लगेच सर्व्हिस सेंटरला दाखवा, वॉरंटीत आहे तोवर. पांढराफटक आणि टोकावर बारीक गोळ्या दिसल्या तर गाडी चालवूच नका. गॅप फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) बघा, ब्लेडनं नाही (पेठकरी दादा, रागावू नका). पाती किंचित घासत गेली पाहिजे.

बसवताना पाना लावायचा नाही. बोटानं. बोट पोचत नसेल तर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या वरच्या टोकावर बसवा आणि त्यानं फिरवा. आटा चढत असेल तर नळी घसरते, हेड वाचतं. टेकेपर्यंत हातानं, मग पाना. नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा, कारण वॉशर दबायचा असतो. तोच जुना परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला, जेमतेम एक अष्टमांश फेरा पुरे. टॉर्क रेंच असेल तर १० मिमीच्या आट्याला १० ते १२ न्यूटन मीटर. आट्याला ग्रीस, ऑइल काही लावू नका. घसरणीमुळं जास्त आवळला जातो.

मृण्मयी_रंकाळा

हे वाचून स्कूटरचा प्लग पण काढून बघावा वाटायलंय.

टर्नर_उद्यमनगर

कॅप बदलून गाडी चालतेय ना ताई? मग राहू द्या.

आरएक्स_पेठकरी

ब्लेडचा टोमणा पोचला. एक मात्र खरं सांगायचं राहिलं. जुन्या गाडीत प्लग काढून हेडला टेकवून, किक मारून ठिणगी बघायची सवय. ती इंजेक्शनच्या गाडीत करू नका. इंजेक्टर पेट्रोल सोडत असतो, प्लगच्या भोकातून वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी. आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या भुवया गेल्या हाईत. मेकॅनिककडं ठिणगी बघायचं टेस्टर असतंय, त्यालाच करू दे.

ऊसकरी_शिरोळ

दादा, भुवया परत आल्या का?

आरएक्स_पेठकरी

एक आली.

दोनप्लगवाला

डुप्लिकेट मालाबद्दलही सांगा कोणीतरी. नामांकित प्लगच्या नकला बाजारात खूप आहेत. खोकं सेम टू सेम. मी बघतो ते असं: सिरॅमिकवरची अक्षरं नखानं खरवडून निघतात का, वॉशर हातानं सहज गळून पडतो का, मधलं आणि बाजूचं टोक एका रेषेत आहे का. आणि निम्म्या किमतीत कोणी देत असेल तर का देतोय ह्याचा विचार करा.

पंचगंगाकाठ

अपडेट: रविवारी बाबांच्या देखरेखीखाली प्लग काढला. फिकट राखाडी, कडेला जराशी कोरडी काजळी. गॅप ०.८ ची पाती गेली, ०.९ ची अडकली. तसाच परत बसवला, नळीने. पुढच्या सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर 'प्लगला हात लावू नये' असं आपल्या हाताने लिहिणार आहे. मेकॅनिकला फोनवर सांगून ठेवलं तर म्हणाला, "मग मिसिंग झाली तर माझ्याकडं यायचं न्हाई." अॅव्हरेजसाठी टायरची हवा बघितली, दोन्हींत कमी होती.

घाटवेडा

हवा कमी होती! आणि आपण सगळे इरिडियमचा वितळबिंदू काढत बसलोय.

टर्नर_उद्यमनगर

चेन बघितली का? किती खाली-वर होते, मोजलं?

पंचगंगाकाठ

...नाही.

टर्नर_उद्यमनगर

मॅन्युअलमध्ये मिलिमीटर दिलेत. मोजून नवीन धागा काढा. फोटो टाका, आणि स्प्रॉकेटचे दात दिसतील असा टाका.